लोणारहून

सोमवार, रात्री

ति. आईस सा. न.

तुझा फोन आला तेव्हा एका कचेरीत बाकावर बसले होते. अभयारण्यावर ड्रोन उडवायची परवानगी हातात आहे, पण सहीखाली शिक्का नाही. शिक्का कपाटात, किल्ली साहेबांकडे, साहेब लग्नाला. बाबूने चहा मागवला, तोही एकट्यापुरता!

जेवण मात्र झकास. कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्चा कांदा. दोन खाल्ल्या, तिसरी मालकीणबाईंनी न विचारता वाढली. दैत्यसूदनाचं देऊळ पाहिलं, सुरेख आहे. बाथरूममध्ये गरम पाणी नाही.

बुधवार

शिक्का मिळाला. पहाटे विवराच्या काठावर असा गारठा की बॅटऱ्या बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळून बसले. गार बॅटरी लवकर उतरते. त्यांना सांगू नकोस.

विवर 1.8 किलोमीटर रुंद नि काठापासून सुमारे दीडशे मीटर खोल. ड्रोन आपली उंची उडाल्या जागेपासून मोजतो. काठावरून सरळ आत गेला की तळ लांब राहतो नि फोटो भरड येतात. म्हणून उताराबरोबर तोही खाली उतरेल असा मार्ग आखला. पाण्याचे फोटो तरीही जुळत नाहीत. दोन फोटोंत एकच खूण दिसली तर ते जोडायचे, हलत्या पाण्यावर खूण कुठून आणू? मोजमापासाठी जमिनीवर अंथरलेला एक कापडी चौकोन शेळीने चावला, ते वेगळंच.

सगळे आत डोकावतात. मला काळजी बाहेरच्या अंगाची. उल्का आदळली तेव्हा उडालेला फुटका बेसाल्ट काठाबाहेर पसरलाय. त्यावर आज तूर उभी आहे, कुठे घराचा पाया खणलाय. शेतकऱ्याला काय बोलणार, जमीन त्याची. पण आज इंच न् इंच टिपून ठेवलं तर पुढच्या वर्षी ताडून किती गेलं ते तरी दाखवता येईल.

बाबांना सांग, हे विवर ज्वालामुखीचं नव्हे! प्रचंड आघातानेच होते तशी काच इथल्या खडकात सापडल्याचं 1973 सालीच छापून आलंय. ते ऐकायचे नाहीत, तरी सांग.

सिलिंडर आला का? नसेल तर शेजारच्या काकूंकडून घे, संकोच नको. येताना शेगावहून कचोऱ्या आणते. बाबांना एकच द्यायची, डॉक्टरांनी सांगितलंय.

तुझी,
मनू