गेल्या तीस दिवसांतलं शेत

विमान उतरायच्या आधी ऑस्ट्रेलियाचं एक कार्ड हातात देतात. नाव, पासपोर्टचा नंबर, कुठे राहणार, आणि खाली होय-नाहीच्या चौकटी. औषधं आहेत का, दारू-सिगारेट किती, दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रोकड आहे का. एवढं विचारणार हे माहीत होतं. पण शेवटाकडच्या एका प्रश्नाशी पेन थांबलं. गेल्या तीस दिवसांत तुमचा शेताशी, शेतातल्या जनावरांशी, रानाशी, गोड्या पाण्याच्या ओढ्या-तळ्यांशी संबंध आला आहे का?

मी निघाले होते ती येळवस करूनच. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या लातूर-धाराशिवकडे गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, बसतात. डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन बांधाबांधाने चालायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. वाटेने जाणारा अनोळखी माणूसही हाताला धरून पंगतीला बसवायचा. पिकावर आंबील शिंपडायचं आणि अंधार पडला की पेटता हेंडगा शेताभोवती फिरवायचा. दिवाळीपेक्षा हा सण मला मोठा वाटतो. दिवाळी घराची असते, येळवस काळ्या आईची. तर संबंध आला होता का? हरभऱ्यातून, करडईतून अनवाणी हिंडले होते, देवणी गाईच्या गळ्यात हात टाकून उभी राहिले होते, आणि आता पायात होते तेच बूट संध्याकाळी ओल्या रानातून घरापर्यंत आले होते. आमची माती पाण्याने धुतली तरी शिवणीत राहते. मी ‘होय’वर खूण केली.

डाळीच्या प्रश्नालाही ‘होय’. लेकीसाठी घरची तूर होती, उदगीरच्या डाळमिलमधून भरडून आणलेली. शिवाय काळा मसाला, कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी. ‘होय’वाल्यांची रांग वेगळी निघते. त्या रांगेत उभं राहिलं की पुढच्या माणसाच्या बॅगेतून काय काय निघतं ते दिसत राहतं: कुणाचे वाळवलेले मासे, कुणाची फळं, कुणाच्या लाकडी मूर्ती. लॅब्रॅडोर कुत्रा ट्रॉल्यांमधून फिरत होता. त्याला वास लागला की तो भुंकत नाही, त्या सामानाशी जाऊन गप बसतो. सगळ्यांचे डोळे त्याच्या बसण्याकडे. परक्या माणसाने आपली बॅग उघडायची वाट बघत त्या रांगेत उभी असताना मला आजी आठवली, आणि करोडगिरी.

आजी विमानात कधी बसली नाही, पण परदेशी जाऊन आली होती. ती सोलापूरला गेली होती.

उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातला तालुका, मुलूख निजामाचा. आजीच्या बोलण्यात आपला भाग म्हणजे ‘मोगलाई’ आणि बार्शी-सोलापूर म्हणजे ‘इंग्रजी’. पैसासुद्धा दोन्हीकडचा वेगळा. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार, आणि साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार मिळायचे. पणजोबांच्या कमरेच्या कशाला दोन कप्पे होते म्हणे, हालीचा एक आणि कलदाराचा एक, आणि अंधारातही त्यांचा हात बरोबर त्या त्या कप्प्यात जायचा. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं जकात खातं होतं, त्याचं नाव करोडगिरी. हद्दीवर नाके आणि मालावर सर्वसाधारण शेकडा पाचची आकारणी. माल येणारा असो की जाणारा, निजामाचा वाटा ठेवूनच पुढे जायचा.

आजीच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता सोलापूरला बांधायचा ठरला. उदगीरहून लातूरपर्यंत बैलगाडी, वाटेत मुक्काम. लातूरला १९११ पासून बार्शी लाइटची छोटी गाडी येत होती. तिने बार्शी, कुर्डुवाडी, मग मोठ्या गाडीने सोलापूर. आजी नवीनच लग्न झालेली, पारख चांगली म्हणून तिला बरोबर घेतलेलं. सोलापूरचं वर्णन ती फार करायची नाही. दुकानं, विजेचे दिवे, एवढ्यावर आटपायची. सांगायची ती परतीची गोष्ट, आणि दर वेळी तितक्याच रागाने.

हद्दीपाशी यायच्या आधी बायकांनी ठरवलं की नवी लुगडी जुनी करायची. वापरलेल्या कपड्यावर करोडगिरी लागत नाही, अशी सगळ्यांची समजूत. घड्या मोडल्या, कापड चुरगाळलं, काही लुगडी अंगावरच नेसली. बरोबरच्या एका म्हातारीने सांगितलं, पदराला हळद लावा, मग कोण नवं म्हणेल? नवरीच्या शालूला हळदीचं बोट आजीलाच लावावं लागलं. जांभळा शालू, सोन्याच्या काठाचा. आजी म्हणायची, “माझा हात जळाला गं त्या वेळी. नवरीच्या आधी शालूला मीच हळद लावली.” आणि नाक्यावर व्हायचं ते झालंच. शिपायाने गाठोडं सोडलं. एकेक लुगडं उचलून चिमटीत धरलं, कापड चोळून पाहिलं, नाकाशी नेलं. नव्या कापडाची खळ वासाने कळते. हळदीचा डाग त्याने दिव्यापाशी धरला आणि काही न बोलता तो शालू नव्या ढिगात टाकला.

पैसे भरावे लागले याचं आजीला दुःख नव्हतं. पैसे पुरुषांनी भरले. तिला सलत होता तो हात. नवरीच्या बस्त्यात, कुंकवाच्या पुड्यांत, चोळीच्या खणांत परक्या पुरुषाचा हात फिरला, आणि शेजारी उभे असलेले घरचे पुरुष खाली बघत राहिले. पावती उर्दूत होती. आजोबांची शाळा उर्दूतलीच, त्यामुळे त्यांना ती वाचता आली. त्यांनी पुढे ती इतर कागदांबरोबर लाकडी पेटीत जपून ठेवली. आजीने कितीदा सांगितलं, फाडून टाका. आजोबा म्हणायचे, सरकारी कागद आहे. लहानपणी मी ती पाहिलेली आहे. तपकिरी पडलेला चिठोरा, उजवीकडून डावीकडे धावणारी अक्षरं, कोपऱ्यात शिक्का. पुढे मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कॅम्पांमधल्या पोरांनी करोडगिरीचे नाके पेटवले, त्या बातम्या उदगीरपर्यंत यायच्या. रझाकारांच्या भीतीने गावाची झोप उडालेली असताना, आजोबा सांगायचे, नाका जळाल्याची बातमी आली त्या दिवशी आजीने घरात गूळ वाटला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान गेलं. १९५६ ला आम्ही बीदर सोडून उस्मानाबाद जिल्ह्यात आलो, १९८२ ला लातूर जिल्ह्यात. आजीच्या हिशोबात या सगळ्या तारखा बिनमहत्त्वाच्या. तिचं राज्य बदललं ते सोलापूरहून आणलेलं लुगडं कुणी हुंगायचं थांबलं तेव्हा. तो शालू अजून आमच्या घरात आहे. हळदीचा डाग फिकट झालाय, गेलेला नाही. लग्नानंतर कधीतरी धाकट्या बहिणीनेच तो आजीला देऊन टाकला. का, ते दोघींनीही कधी सांगितलं नाही. माझ्या आईच्या मते तिला तो डाग आवडत नव्हता. मला वाटतं, आजीने त्या रात्री काय सोसलं ते तिला कळलं होतं.

तर रांगेत माझा नंबर आला. समोरच्या मुलीने हातमोजे घातले आणि बॅग उघडण्याआधी विचारलं, उघडू ना? आजीच्या वाट्याला न आलेले हे दोन शब्द. मग तिने विचारलं, कुठली जनावरं? मी देवणीचं सांगितलं: आमच्याच भागातली जात, गाय दुधाची आणि बैल कामाचे, वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तिचे तीन प्रकार, अंगावरच्या काळ्या-पांढऱ्यावरून ओळखायचे. तिने ऐकून घेतलं. बूट काढायला सांगितले, उलटे करून शिवणीत पाहिलं, आत नेऊन धुऊन आणले. डाळ मात्र परत मिळाली नाही. तूर, हरभरा, मूग, मसूर, सोयाबीन, करडई, शेंगदाणे, धने, जिरे, बडीशेप, वाळलेली मिरची: प्रवाशाच्या सामानातून नेऊ नये अशा धान्य-बियांची त्यांची यादी म्हणजे आमच्या मोंढ्यातला भावफलक. हे सगळं एका किड्यापायी. खपरा भुंगा दोन-तीन मिलिमीटरचा, मूळ आपल्याच उपखंडातला. त्याची केसाळ अळी पोत्याच्या शिवणीत, भिंतीच्या फटीत अन्नावाचून वर्ष-वर्ष पडून राहते आणि धान्य आलं की जागी होते. कॅलिफोर्नियात तो १९५३ ला सापडला. त्याला तिथून हुसकायला १९६६ उजाडलं. हे वाचल्यावर डाळीबद्दलची हळहळ पुष्कळ कमी झाली.

गजऱ्याचीही गोष्ट अशीच. नव्या नायर ही मल्याळी अभिनेत्री २०२५ च्या ओणमसाठी मेलबर्नला गेली. निघताना वडिलांनी मोगरा आणून दिला, अर्धा सिंगापूरपर्यंत माळायला, अर्धा पुढच्या प्रवासासाठी. विमानतळावर त्या वीतभर गजऱ्यापायी १,९८० डॉलर दंड झाला. ऐकून जीव कळवळतो, कारण बापाने लेकीच्या केसांसाठी आणलेल्या फुलांसारखं निष्पाप जगात काय असेल? पण फुलात काय बसलंय हे बापाला दिसत नाही, लेकीलाही नाही. सगळेच नियम मात्र मला पटतात असं नाही. दुबईला खसखस चालत नाही, कारण ती अफूच्या बोंडातली. म्हणजे आखातात राहणाऱ्या मराठी पोरांना घरचे अनारसे नाहीत. खसखशीशिवाय अनारसा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा शंकरपाळे पाठवावेत.

बुटाच्या मातीचा प्रश्न मात्र मनातून जाईना. आमच्या बांधावर गाजरगवत आहे. लहानपणापासून बघतेय, म्हणून ते आमचंच वाटायचं. ते आमचं नाही. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. आता सबंध देशात रस्त्याकडेला, पडीक रानात, शाळेच्या मैदानात तेच. उपटताना हाताला खाज, फुलोऱ्यात आलं की दम्याच्या माणसाला त्रास. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ पासून आपल्याकडे सोडला, पण तो पावसाळ्यापुरता. अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि वर्ष संपायच्या आत महाराष्ट्राच्या मक्यात शिरली. लम्पीचं तर अजून ताजं आहे. २०२२ ला जनावरांचे बाजार बंद झाले, आमच्या तालुक्यातला हाळी-हंडरगुळीचा बाजारही. शेजारच्या गोठ्यातली देवणी गाय अंगभर गाठी घेऊन बसून राहायची, आणि आम्ही आमच्या दावणीपाशी चुना टाकून, धूर करून, कुणाला आत न येऊ देता दिवस काढले. आमच्या फाटकाशी तेव्हा आम्हीही नाकाच घातला होता. लाळ्या-खुरकूत ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर नाही. ब्रिटनमध्ये २००१ ला तो आला, तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्या मुलीने माझे बूट का धुतले, ते या आकड्याने कळतं. आजीच्या नाक्याला तिच्या शालूची किंमत हवी होती. या नाक्याने माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. पहिला नाका पेटला म्हणून आजीने गूळ वाटला ते योग्यच होतं, आणि दुसऱ्यासाठी मी कधीही रांगेत उभी राहीन.

परत आल्यावर सोयाबीनच्या काढणीला हार्वेस्टर सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदाच चालकाला म्हटलं, शेतात उतरायच्या आधी यंत्र झाडून, चाकं धुऊन घ्या. पाणी आमचं, वेळ तुमचा. शेजारच्यांना हे नवल वाटलं. चालक संगरूरकडचा सरदारजी, त्याला वाटलं नाही. इथून निलंगा, मग भालकी, बसवकल्याण असा त्याचा रस्ता. या गावाची माती आणि बी त्या गावाला जातं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. चाकांवर पाण्याची नळी धरून तो त्यांच्याकडच्या तणाबद्दल सांगत होता. गुल्ली डंडा म्हणतात त्याला. मेक्सिकोच्या गव्हाबरोबर आलं, असं त्याचे वडील सांगायचे. गव्हातच उगवतं, गव्हासारखंच दिसतं, ओंबी बाहेर पडेपर्यंत नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही, आणि ओळखू येतं तोवर निम्मं खत त्यानेच खाल्लेलं असतं. औषध मारलं तर काही वर्षांनी त्या औषधालाही दाद देत नाही. लहानपणी वडिलांबरोबर ते उपटायला जायचो, म्हणाला, आणि आई म्हणायची बुंध्याशी धरून बघा, गव्हाचा बुंधा हिरवा असतो, याचा लालसर. मी म्हटलं, मग हरभऱ्यातला चंदनबटवा कसा ओळखायचा ते मी दाखवते. पण तो आमच्याकडे आवडीने खातात. तो म्हणाला, आमच्याकडेही, बथुआ म्हणतात, त्याचा रायता करतात. मग बथुआचा रायता कसा करतात, दही कितपत आंबट घ्यायचं, यावर बराच वेळ गेला. त्या दिवशी हार्वेस्टर शेतात उतरलं ते दुपारनंतरच.