पडवीतला समुद्र

दिंडोरीत समुद्र? हो, आमच्या पडवीत! आरओच्या पाण्यात मीठ कालवून केलेला. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणून ते नाही. क्लाऊनफिशची जोडी आणि खडकांवर जांभळं शेवाळ, एवढंच. पण हे शेवाळ अंगात चुना धरतं, पाण्यातलं कॅल्शियम घटत जातं.

मी आठवडाभर पुण्यात. औषध ओतायला सत्तरीतल्या आईने रोज स्टुलावर चढावं, हे काही खरं नाही. म्हणून दोन डोसिंग पंप बसवले, दर तासाला थोडं थोडं. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत खायचा सोडा. घट्ट द्रावणं एकत्र आली की खडूच!

बाबा हसले. "अरे, कॅल्शियम नायट्रेट अन् फॉस्फेटचं खत एका टाकीत टाकतो का आपण? ड्रीपर चोकअप होतील की!"

घ्या! द्राक्षबागेत हे रोजचंच. पीएच मीटरही मग बागेतलाच आणला. समुद्राचा पीएच 8.2च्या आसपास, म्हणून कॅलिब्रेशन तेवढं 7 आणि 10 वर.