गोळा होता तिथंच

पावसाळा सरला की बेला मंडलातल्या शेतरस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून कडक होतात आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये वरंबा उभा राहतो. गाडीची चाकं चाकोरीत, पोट वरंब्यावर. माझ्या जुन्या जिप्सीच्या मागच्या अॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा त्या वरंब्याला दर खेपेला खरवडत जायचा. पैनगंगेकडच्या वावरात जायचं तर दुसरा रस्ता नाही. गाडी दोन इंच उंच केली की खरवडणं थांबेल, असं मी ठरवून टाकलं आणि लिफ्ट किट मागवलं. मी आदिलाबादला इंटरच्या पोरांना फिजिक्स शिकवतो, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

जिप्सी म्हणजे सरळ हिशेबाची गाडी. 1985 साली आली तेव्हापासून चारही चाकांना पाटे आणि पुढं-मागं अखंड अॅक्सल. पाट्याचं एक टोक चासीला पक्कं असतं, दुसरं शॅकल नावाच्या झुलत्या पट्टीला. किटात लांब शॅकल होते, प्रत्येक कमानीसाठी एक जादा पाटा होता आणि नवे बुश होते. यू-बोल्ट नव्हते. जुने धडधाकट दिसत होते, म्हणून मीही चौकशी केली नाही.

काम अंगणात काढलं. अंगण काळ्या मातीचं. जॅकखाली मी फळी घातली नाही आणि चासी टेकवायला सिमेंटच्या पोकळ विटा रचल्या. जॅक एका अंगाला रुतला, गाडी किंचित सरकली आणि वरची वीट फुटून तिचा भुगा झाला. मी त्या वेळी पाना आणायला उठलो होतो. या एका गोष्टीवर मला विनोद करता येत नाही. पोकळ वीट भिंतीत भार पेलते. गाडीच्या चासीचा बारीक काठ तिच्यावर टेकला की ती काही न सांगता फुटते. जॅकस्टँडची जोडी किटाच्या मानाने कितीतरी स्वस्त होती. ती मी त्यानंतर आणली.

मग पाटे. जादा पाटा घालायचा तर कमानीचा सेंटर बोल्ट काढावा लागतो आणि त्याआधी सगळे पाटे क्लॅम्पने आवळून धरावे लागतात. मी नुसता नट सोडला. गंजलेला बोल्ट तुटला आणि पाटे ताडकन सुटले. दारात उभे असलेले शेजारचे काका म्हणाले, "काहून गा मास्तर, शाळेत असंच शिकवता का?"

काम उरकलं, गाडी खाली उतरवली आणि मडगार्डची उंची मोजली. शॅकल दोन इंचांनी लांब होते, त्यांच्यामुळं गाडी उचलली गेली इंचभरच. उरलेलं थोडंसं जादा पाट्यानं दिलं होतं. फसवलं म्हणून किटवाल्याला फोन लावणार होतो, तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. अॅक्सल पाट्याच्या मध्यावर बसतो. एक टोक जागच्या जागी ठेवून दुसरं दोन इंच हलवलं तर मध्य एकच इंच हलणार. हा प्रश्न मी परीक्षेत दोन मार्कांना घालतो.

फोन केला नाही. टेप हातात होतीच, म्हणून वाकून गोळ्याखालचं अंतरही मोजलं. ते पूर्वी होतं तेवढंच होतं. असणारच! गोळा अॅक्सलवर, अॅक्सल चाकांवर आणि चाकं जमिनीवर. पाटे आणि शॅकल या सगळ्याच्या वर असतात. ते बदलून मी चासी, दारं, सीट आणि स्वतःला उंच केलं होतं. वरंब्याला घासणारी एकमेव वस्तू होती तिथंच होती. कंपनीच्या कागदावरचं 210 मिलिमीटर या सर्वांत खालच्या जागेचं असतं, आणि अखंड अॅक्सलच्या गाडीत ती जागा फक्त मोठ्या टायरनं वर जाते. 205/70 आर 15 ऐवजी 215/75 आर 15 घातला तर टायरचा व्यास सुमारे 36 मिलिमीटरनं वाढतो. गोळ्याला त्यातला निम्मा, म्हणजे 18 मिलिमीटर मिळतो. एवढंच! ही आकडेमोड किट मागवण्याआधी चिठोऱ्यावर झाली असती.

गाडी मात्र रुबाबदार दिसत होती. काढून टाकवेना. घरी किटची जी किंमत सांगितली होती तीही खरी नव्हती, त्यामुळं आता मागं फिरणं अवघड होतं. गाडी घेऊन गुडीहत्नूरच्या बाजूनं राष्ट्रीय महामार्ग 44 वर आलो. वेग वाढला तसं स्टिअरिंग हातात राहीना. गाडी डावीकडं ओढायची, सरळ करावी तर उजवीकडं भटकायची, आणि वळणानंतर चाक आपणहून मध्यावर येईना. बाजूनं ट्रक गेला की हातांना घाम फुटायचा. जिप्सीत पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की पाट्याचं नाक खाली झुकतं, त्याबरोबर अॅक्सल पुढं कलतो आणि कास्टर नावाचा कोन कमी होतो. गाडीला सरळ धावायला लावणारा कोन तोच. अलाइनमेंटवाल्यानं पैसे घेण्याआधीच सांगितलं, "सर, यात फक्त टो बदलता येतो. कास्टरला पाट्याखाली पाचर लागते."

शेवटी पाट्यांचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्याला सगळे अन्ना म्हणतात. त्यानं खाली एकदा डोकावलं आणि मला जवळ बोलावलं. जादा पाट्यामुळं थप्पी जाड झाली होती आणि जुन्या यू-बोल्टचे नट जेमतेम आट्यांवर टेकले होते. यू-बोल्ट एकदा ताणून आवळला की तो ताणलेलाच राहतो. नवा घालायचा, थोडं चालवून पुन्हा आवळायचा. मी पुन्हा आवळलाही नव्हता. पुढचं चाक लटकतं सोडून त्यानं स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तर ब्रेकचा रबरी होस ताठ झाला. बुशचे बोल्ट मी गाडी जॅकवर असतानाच करकचून आवळले होते. गाडी खाली येताच रबर पिळलं आणि बुश चिरले. हे बोल्ट चाकांवर वजन आल्यावर आवळायचे असतात. मी ज्या वेगानं महामार्गावर आलो होतो, तो आकडा अन्नाला सांगितला नाही.

कायद्याचं तर मी वाचलंच नव्हतं. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ घडणीत असे फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागं 5000 रुपये दंडाची तरतूद आली. आमच्याकडं अशा उंच गाड्या नागोबाच्या जत्रेच्या वेळी केस्लापूरच्या वाटेवर दिसतात, म्हणून मला ते चालतं असं वाटलं. दिसतं म्हणून चालतं, हे फिजिक्सही नाही आणि कायदाही नाही.

अन्नानं जुने शॅकल परत बसवले, जादा पाटे काढले, बुश आणि यू-बोल्ट नवे घातले. बिल किटच्या जवळ गेलं. पैसे देताना मी वरंब्याची गोष्ट काढली, तर तो हसला. म्हणाला, "चाकोरीत कशाला उतरता? एक चाक वरंब्यावर ठेवा, दुसरं बांधाच्या कडेनं. चाकोरी पोटाखालून जाऊ द्या." जिप्सी अरुंद आहे, जमतं. ओल्या मातीत चाक घसरून परत चाकोरीत जातं, पण तशा मातीत मी आता गाडी फाट्यावर लावतो आणि चालत जातो.

किट विकायला काढलं तेव्हा पांढरकवड्याहून एकाचा फोन आला. मी विचारलं, "गाडी खाली कुठं घासते?"

"मागचा गोळा घासतो हो."

मग त्याला टेप, अॅक्सल, कास्टर, यू-बोल्ट, सगळं सविस्तर सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"बरं," तो म्हणाला, "शेवटचं किती घेता?"