बेसूर लोरी

शाळेत आम्ही उर्दू शिकवतो. शेरात काफिया चुकला की कानाला टोचते. तरी रात्री ऐकतो ते बेसूरच. दारिओ अर्जेन्तोच्या १९७० च्या इटालियन रहस्यपटाला, 'द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज'ला, एन्निओ मोरिकोने यांनी दिलेले संगीत. एड्डा देल्लोर्सोचा आवाज शब्दांविना लोरीसारखा येतो आणि पुढे वाद्ये एकमेकांशी भांडू लागतात. हा अडाण्याचा गोंगाट नव्हे. रोममधल्या 'नुओवा कोन्सोनान्झा' या आयत्या वेळी सुचेल ते वाजवणाऱ्या गटात मोरिकोने स्वतः ट्रम्पेट वाजवीत.

अम्मी शेवटच्या आजारात रात्री गुणगुणायची; मध्येच श्वास अडकायचा, सूर तुटायचा. गोड गाण्यांत ती रात्र आम्हाला भेटत नाही. पलीकडून अब्बा ओरडतात, "बंद कर ते!" आम्ही आवाज कमी करतो.