भिगवणचा खवला

बांधकामाची परांची काम झालं की उतरवावी लागते. कोलॅजनची परांची शरीरच पचवून टाकतं. जखमेवर बसवलेल्या या स्पंजासारख्या जाळीत पेशी शिरतात, बस्तान बसवतात, स्वतःचं कोलॅजन विणू लागतात आणि जाळी विरत जाते. १९८१ मध्ये यानास आणि बर्क या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांसाठी अशी कृत्रिम त्वचा जगापुढे आणली, ती गुरांच्या कोलॅजनची आणि शार्कच्या कूर्चेतल्या एका घटकाची होती. तेव्हापासून गुरांचंच कोलॅजन वापरावं, असा जणू रिवाज पडला. माझं म्हणणं असं, की इंदापूर तालुक्यात या कामाचा उत्तम कच्चा माल उजनी धरणाच्या पाण्यात पोहतो आहे. तो म्हणजे चिलापी मासा.

कारण उष्णतेचं आहे. कोलॅजनचा रेणू तीन पेडांच्या वेणीसारखा असतो आणि ठरावीक तापमानाला ती वेणी सुटून नुसती जिलेटिनची खळ उरते. थंड समुद्रातल्या कॉडची वेणी १५ अंशांच्या आसपासच सुटते, गुरांची ४०च्या जवळ. कोमट पाण्यात वाढणाऱ्या चिलापीची ३५च्या आगेमागे टिकते, कारण वेणी घट्ट धरणारं हायड्रॉक्सिप्रोलिन तिच्यात कॉडपेक्षा जास्त असतं. शरीर ३७ अंशांचं, तेव्हा दोन अंश कमी पडतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून धाग्यांना रासायनिक टाके घालावे लागतात. ग्लुटराल्डिहाइडचे टाके पक्के बसतात, पण त्याचा अंश मागे राहिला तर पेशी मरतात. कार्बोडायइमाइड टाक्यात उरत नाही, त्याचा उपपदार्थ पाण्याने धुऊन निघतो. मी दुसऱ्याच्या बाजूचा.

खरी कारागिरी मात्र बर्फाची. चिलापीचा नखाएवढा, वाळला की कडक होऊन वळणारा खवला आम्लात भिजवला की त्यातलं खनिज निघून जातं आणि हाती लिबलिबीत पापुद्रा येतो. त्यातून काढलेलं कोलॅजन सौम्य ॲसेटिक आम्लात कालवून ताटात ओततात, गोठवतात आणि निर्वातात वाळवतात. बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडतो. जिथे स्फटिक होता तिथे भोक राहतं. सावकाश गोठवलं तर स्फटिक मोठे, भोकं मोठी. झटपट गोठवलं तर बारीक. भोकं फार बारीक झाली तर पेशी आत शिरत नाहीत, फार मोठी झाली तर त्यांना धरायला पृष्ठभाग पुरत नाही. गोठवण्याचा वेग चुकला तर महागातलं कोलॅजनही वाया.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो मी हलका मानत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांतून उजनीत उतरतं. आम्लाने खनिज निघतं म्हणून जड धातूही निघालेच, असं गृहीत धरणं हा आळस झाला. प्रत्येक खेपेची धातूंसाठी आणि जंतूंसाठी तपासणी हवी, आणि मासा कुठल्या पाण्यातला याची नोंद. ‘ब्राझीलमध्ये चिलापीची कातडी भाजलेल्या जखमेवर लावतात, मग इथे काय हरकत?’ हे उत्तर पुरत नाही. तिथेही कातडी निर्जंतुक करूनच लावतात. शिवाय माशांची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला आधी विचारायलाच हवं.

बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, भिगवणचा मासळीबाजार तिथून तासाभराच्याही आत. बाजारात मासा बर्फात ठेवतात आणि खवला कचरा समजतात. सुरुवात करायची तर तिथून करा: खवल्यांनाही बर्फाची एक पेटी द्या, आणि तिच्यावर तारीख घाला.