चाकणच्या मांडवात

नाशिक फाट्यावरून चाकणला लग्नाला जाणाऱ्याने दोन तास आधी निघावे. भोसरी, मोशी, कुरुळी, सगळीकडे मालट्रकांची रांग. मी शनिवारी हळदीलाच पोचलो. मुलगी वर्गमित्राची; त्या निमित्ताने १९८६ च्या दहावीतले आम्ही सहाजण जमलो.

शनिवार हा चाकणच्या बाजाराचा वार. पाय आपसूक तिकडे वळले. एकाने जुन्या सवयीने खोंडाचे दात पाहिले. त्याच्या दावणीला आता बैल नाही. साडेतीन एकर एम.आय.डी.सी.त गेली, पैशांतून बंगला आणि भावांच्या वाटण्या झाल्या. मुलगा कारखान्यात कंत्राटी कामावर आहे.

दुसऱ्याने भामेकाठची दोन एकर राखली आहे. गरवा कांदा करतो; बियाणे राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे, ‘भीमा शक्ती’. मजूर मिळत नाहीत, सगळे कंपनीत. यंदा वाफ्यातली रोपे मरत होती. मग काय, भर हळदीत मी गादीवाफा आणि ट्रायकोडर्मा सांगत बसलो!

रविवारी अक्षतांआधी संग्रामदुर्ग पाहिला. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट शायिस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. आज तट थोडाच उरला आहे. तिथे बंगलेवाला मला हळूच म्हणाला, “त्याच्या दोन एकरांना गिऱ्हाईक आलंय. देऊ नको म्हणून तूच सांग. माझं ऐकायचा नाही तो.”

मी सांगितले. तो एवढेच म्हणाला, “पोरीचं लग्न पुढच्या साली आहे. कांद्याचा भाव सांगतोस का तेव्हाचा?”