डाळ शिजेल तेच पाणी

आपल्याकडे तेव्हा आधी पाणी बघायचं, मग ट्रॅक्टरला हात लावायचा. आप्पांचा तसा हुकूमच होता: "पयले पानी देख, मंग चावी फिराव." घर अमळनेरकडचं असो, चोपड्याचं की शिरपूरचं, खळ्यात तोच छोटा ट्रॅक्टर. मित्सुबिशी शक्ती, १८.५ अश्वशक्ती, तीन सिलिंडर. केळी-कपाशीच्या ओळींत मावणारा, अंगानं लहान आणि तापायला पुढे.

पाणी कुठलं घालायचं, हे मात्र मोठी माय ठरवायची. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, ते रेडिएटरला नाही. जड पाण्यानं बारीक नळ्यांत पांढरा थर धरतो, वाट चिंचोळी होते आणि भर वखरणीत काटा लालवर जातो. म्हणून बोअरचं नको, गोड्या आडाचं आण. वैशाखात पारा ४५ च्या वर, घरात हंड्याहंड्याचा हिशेब, आणि पहिली कळशी ट्रॅक्टरच्या पोटात! "मानसेसले खारं आनि याले गोडं," असं पुटपुटत तीच कळशी पुढे करायची. आता डब्यातलं हिरवं कूलंट आलं. त्यातही मऊ पाणीच मिसळायचं असतं, हे मोठ्या मायला कळतं तर तिनं गल्लीभर सांगितलं असतं.

दुरुस्ती घरातल्याच वस्तूंनी. होजपाइप चिरला, तर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि वर तार. रेडिएटर पाझरला, तर मूठभर हळद. तेवढ्यावर तालुक्याच्या झाळकामवाल्यापर्यंत पोचता यायचं. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचा, बोटाच्या जाडीएवढा दबला की ठीक. थर्मोस्टॅटचा वॉल मिस्तरी काढूनच टाकायचे, "आपल्या उन्हात त्याचं काय काम?" (तो काढायचा नसतो. इंजिन मग धड तापतच नाही, थंडीत धूर ओकतं. पण मिस्तरीला सांगणार कोण?) दिवाळीनंतर धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून इंजिन चालवायचं आणि गार झाल्यावर खालचा कॉक सोडायचा. गंजाचा लाल ओहोळ थेट उकिरड्यापर्यंत!

मळणीत खरी परीक्षा. दादर-हरभऱ्याचा भुसा जाळीत असा गच्च बसायचा, की पंखा गरगर फिरतोय आणि हवा मात्र नाही. पुढे जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधायचा. संध्याकाळी पाण्याची धार पंख्याच्या बाजूनं पुढे मारायची, उलटी नाही. पातळ पत्र्या वाकल्या की आप्पांचा धपाटा.

तापलाच, तर झटकन बंद करायचा नाही, मंद चालू ठेवून निंबाखाली उभा करायचा. गार पाणी एकदम ओतलं की हेड चिरायचं. आणि गरम झाकण उघडू नये, असं बजावणाऱ्या प्रत्येक काकाच्या मनगटावर भाजल्याचा डाग असायचाच.

आयशरवाल्यांची मिजास वेगळी. १९५९ पासून देशात निघालेलं ते हवेवर थंड होणारं इंजिन, ना रेडिएटर ना कळशी. बांधावरून विचारायचे, "काय भो, पाजं का पानी?" भुसा मात्र त्यांच्याही सिलिंडरच्या खाचांत बसायचा, आणि तो कोरायला दुपारी आपलाच पेचकस मागायला यायचे.